रावी ते वितस्ता

पठाणकोट मागे टाकून माधोपूरजवळ रावी ओलांडली की लखनपूर येते. पंजाबची हद्द येथे संपते आणि जम्मूचा मुलूख सुरू होतो. येथून श्रीनगरपर्यंतचा रस्ता सुमारे साडेतीनशे किलोमीटरांचा आहे. देशाच्या नकाशात तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ चा उत्तरेकडील शेवटचा भाग होय. कन्याकुमारीहून निघालेला हाच मार्ग बंगळूर, हैदराबाद करीत विदर्भात शिरतो आणि हिंगणघाट-नागपूरवरून पुढे उत्तरेकडे जातो. त्यामुळे नागपूरच्या रस्त्याकडेच्या दगडावरील क्रमांक आणि श्रीनगरच्या वेशीवरील क्रमांक एकच आहे. २०१० मध्ये महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. तोवर उत्तरेकडील हा भाग १-अ या क्रमांकाने ओळखला जाई.

एवढ्या प्रदीर्घ प्रवासात या महामार्गाला डोंगराचा खरा विरोध होतो तो या शेवटच्या साडेतीनशे किलोमीटरांतच. जम्मू आणि काश्मीर हे ३१ ऑक्टोबर २०१९ पर्यंत राज्य होते, आता तो केंद्रशासित प्रदेश आहे. परंतु राज्यव्यवस्था कोणतीही असो, काश्मीर खोऱ्याचे मीठमसाला, औषधे, पेट्रोल आणि तेथून बाहेर जाणारी फळे यांचा भार पाऊणशे वर्षे मुख्यतः या एका रस्त्याने वाहिला आहे. दूरच्या माणसाची समजूत अशी असते, की या मार्गाची अडचण म्हणजे बनिहालची बर्फाच्छादित खिंड. वस्तुतः खिंडीचा प्रश्न १९५६ मध्येच बहुतांशी सुटला. आज रस्ता अडतो तो बहुधा खिंडीच्या खाली, चिनाबच्या आणि तिच्या उपनद्यांच्या दऱ्यांत, जेथे बर्फ नसतो पण डोंगर मात्र जागचा हलत असतो.

लखनपूर ते जम्मू हा सुमारे नव्वद किलोमीटरांचा पहिला टप्पा मैदानी आहे. कठुआ, सांबा ही गावे घेत रस्ता शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याने चालतो. या पट्ट्याला तेथे ‘कंडी’ म्हणतात. टेकड्यांवरून वाहून आलेल्या दगडगोट्यांची आणि भरड वाळूची ही जमीन. पाणी तिच्यावर टिकत नाही, खोल मुरून जाते आणि पुढे सखल भागात वर येते. म्हणूनच कंडीतली विहीर खोल आणि शेत कोरडवाहू असते. उज्झ आणि बसंतर या नद्यांचे पात्र उन्हाळ्यात पांढऱ्या दगडांचे वाळवंट दिसते. पावसाळ्यात मात्र त्याच पात्रांतून असा लोंढा येतो, की पूल नव्हते त्या काळी प्रवाशाला काठावर दिवस काढावे लागत. पूल नसणे ही त्या काळी साधी गैरसोय होती. १९४७ मध्ये तिचा अर्थ एकाएकी बदलला. पण ती हकीकत कळण्यासाठी आधी जम्मूत थांबले पाहिजे.

जम्मू शहर तवी नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सव्वातीनशे मीटरांच्या आसपास उंचीवर आहे. शहरातील एका मोठ्या रस्त्याला आजही बी. सी. रोड म्हणतात. ही आद्याक्षरे ‘बनिहाल कार्ट रोड’ या नावाची आहेत, हे तेथून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानात असेल कोण जाणे. महाराजा प्रतापसिंह यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८८५ ते १९२५ या काळात, हा गाडीरस्ता तयार झाला. प्रथम तो दरबाराच्या उपयोगासाठी राखून ठेवलेला होता आणि १९२२ मध्ये सर्वसामान्यांसाठी खुला झाला. त्या वेळी जम्मू ते श्रीनगर हे अंतर दोनशे मैलांहून थोडे अधिकच भरे.

दरबाराला हा रस्ता हवा होता याचे कारण साधे आहे. या संस्थानाच्या राजधान्या दोन होत्या. उन्हाळ्यात कारभार श्रीनगरला आणि हिवाळ्यात जम्मूला चाले. महाराजा रणबीरसिंह यांनी १८७२ मध्ये ही प्रथा घालून दिली असे सांगतात. वर्षातून दोनदा फायलींचे गठ्ठे, कारकून आणि त्यांची बिऱ्हाडे या डोंगरांतून ये-जा करू लागली. संस्थान गेले, राज्य आले, तरी ही ‘दरबार मूव्ह’ चालूच राहिली. २०२१ मध्ये ती बंद करण्यात आली आणि २०२५ च्या हिवाळ्यात पुन्हा सुरू झाली.

तथापि सामान्य काश्मिरी माणसाच्या दृष्टीने बनिहालची वाट ही मागील दाराची वाट होती. पुढचे दार पश्चिमेला होते. झेलम नदी बारामुल्लाजवळ खोरे सोडून डोंगर फोडीत बाहेर पडते. तिच्या काठाकाठाने रावळपिंडीहून कोहाला आणि बारामुल्ला असा गाडीरस्ता एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात श्रीनगरला येऊन पोहोचला. नदी ज्या वाटेने जाते ती वाट नेहमीच सोपी असते. तेथे उंच खिंड चढावी लागत नाही. म्हणून खोऱ्याचा व्यापार रावळपिंडीच्या रेल्वेस्थानकाशी जोडला गेला. जम्मूची रेल्वेदेखील १८९० पासून सियालकोटला जाऊन मिळत होती, म्हणजे तिचेही तोंड पश्चिमेलाच होते. जम्मूहून पूर्वेकडे पठाणकोटला जाणारा रस्ता मात्र कच्चा, बिनपुलांचा आणि हंगामी होता.

ऑक्टोबर १९४७ मध्ये संघर्षाला तोंड फुटले आणि झेलम काठचा रस्ता तुटला. सियालकोटची रेल्वेही थांबली. २७ ऑक्टोबरला भारतीय सैन्याची पहिली तुकडी श्रीनगरला उतरली ती विमानाने, कारण जमिनीवरून वेळेत पोहोचण्याजोगी वाटच नव्हती. विमानाने सैनिक नेता येतात, पण लाखो माणसांचे धान्य, रॉकेल आणि मीठ विमानाने पुरवता येत नाही. तेव्हा ज्या रस्त्याची कोणी फारशी पर्वा केली नव्हती तो पठाणकोट-जम्मू-बनिहाल मार्ग खोऱ्याची एकमेव नाळ बनला. रावीवर आणि तिच्या पलीकडच्या ओढ्यांवर पूल उभे राहिले, कच्चा रस्ता पक्का झाला. परंतु मागच्या दाराने सगळे घर चालवायचे म्हणजे त्या दाराचा उंबरठा किती उंच आहे हे पाहावेच लागते, आणि हा उंबरठा होता २,८०० मीटरांहून अधिक उंचीवरचा.

जम्मूच्या पुढे नगरोटा ओलांडले की शिवालिकच्या रांगा सुरू होतात. वाळूचा ठिसूळ खडक, खैराची आणि झुडपांची राने, आणि थोडे वर गेल्यावर चीडची झाडे. नंदनीजवळचे चार बोगदे पार करून रस्ता उधमपूरला येतो. हा भाग चौपदरी झाल्यापासून तासाभराचा राहिला आहे. उधमपूरनंतर जुना रस्ता कूदवरून पटनीटॉपच्या देवदारांत, म्हणजे २,००० मीटरांहून अधिक उंचीवर चढत असे आणि तेथून बटोतच्या बाजूने पुन्हा तेवढाच खाली उतरत असे. चढायचे ते केवळ उतरण्यासाठी! सह्याद्रीचे घाट ओळखणाऱ्या मराठी माणसाला हे जरा चमत्कारिक वाटेल. बोरघाट किंवा थळघाट चढला की वर देशाचे पठार लागते; एकदा चढले की चढण संपते. हिमालयाच्या या भागात चढलेली उंची पुढच्या नदीला परत द्यावी लागते, आणि नदी ओलांडली की पुन्हा पहिल्यापासून आरंभ.

हा चढउतार चुकवण्यासाठी चेनानी ते नाशरी असा ९.२८ किलोमीटर लांबीचा बोगदा खोदण्यात आला. तो २ एप्रिल २०१७ रोजी वाहतुकीस खुला झाला. २०१९ मध्ये त्याला श्यामाप्रसाद मुखर्जी यांचे नाव देण्यात आले. ४१ किलोमीटरांची वळणे त्यामुळे अकरा किलोमीटरांवर आली. मुख्य बोगद्याला समांतर असा एक अरुंद बोगदा आहे; आग लागल्यास किंवा अपघात झाल्यास माणसांनी त्यातून सुटावे म्हणून दोहोंना जोडणारे २९ आडवे मार्ग ठेवले आहेत. खोदकामाची पद्धतही लक्षात घेण्याजोगी आहे. डोंगर पोखरला की भोवतालचा खडक पोकळीकडे सरकू पाहतो. जुन्या पद्धतीत तो जाड चिरेबंदी कमानीने अडवून धरीत. नव्या पद्धतीत त्याला थोडेसे सरकू देतात, ते सरकणे मोजतात, आणि लगेच त्यावर सिमेंटचा फवारा मारून लांब लोखंडी सळया आत ठोकतात. म्हणजे डोंगराचा भार डोंगरानेच पेलावा, अशी योजना.

या सुधारणेची किंमत कूद आणि बटोत या गावांनी मोजली. कूदचा ‘पतिसा’ प्रसिद्ध आहे. सोनपापडीच्या जातीची ही तुपातली मिठाई. श्रीनगरची प्रत्येक बस तेथे थांबायची आणि प्रवासी पुडे बांधून घ्यायचे. बोगदा झाला आणि बस डोंगराच्या पोटातून जाऊ लागली. दुकाने राहिली, गिऱ्हाईक खालून निघून गेले. पटनीटॉपला मुद्दाम जाणारे पर्यटक आजही कूदला थांबतात. पण ज्या गावाचे पोट वाटसरूंवर चालत होते त्याला पर्यटकांचा हंगाम पुरत नाही. महामार्गाच्या हिशेबात वाचलेल्या इंधनाची नोंद असते, या दुकानांची नसते.

नाशरीला बोगद्यातून बाहेर पडताच चिनाबची दरी समोर येते. वेदांतली असिक्नी ती हीच. हिमाचलातील लाहुलमध्ये तंडी येथे चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा संगम होऊन ती बनते, म्हणून तिचे दुसरे नाव चंद्रभागा. पंढरपूरला भीमेच्या वाळवंटात ज्या नावाचा गजर होतो ते नाव मुळात या हिमालयीन नदीचे आहे. नावाखेरीज दोघींत साम्य काही नाही. इथे वाळवंट नाही, घाट नाही. करड्या रंगाचे पाणी खोल घळीतून गर्जत जाते आणि रस्ता त्याच्या वर, डोंगराच्या अंगाला चिकटून चालतो.

येथून रामबन आणि रामबनपासून बनिहाल हाच या महामार्गाचा सर्वांत अवघड पट्टा आहे. रामबननंतर रस्ता चिनाब सोडतो आणि तिला मिळणाऱ्या बिचलारीच्या अरुंद खोऱ्यात शिरतो. मेहाड, सेरी, डिगडोल, पंथ्याल, रामसू, मगरकोट ही नावे काश्मीरमधील शाळकरी पोरांनाही पाठ असतात, कारण रस्ता बंद पडल्याच्या बातमीत यांपैकी एखादे नाव हटकून असते. एका ओढ्याचे नाव ‘खूनी नाला’ आहे आणि पुढे बनिहालच्या घाटात दुसऱ्याला ‘शैतान नाला’ म्हणतात. ही नावे कोणा कवीने दिलेली नाहीत.

येथला डोंगर का ढळतो? हिमालय हा वयाने तरुण पर्वत आहे. या भागातून पृथ्वीच्या कवचातले मोठे भंग जातात आणि त्यांच्या आसपासचा खडक लक्षावधी वर्षे चेंगरला, मुरडला, चिरफळ्या होऊन राहिला आहे. पाटीचा दगड आणि अभ्रकाचा अंश असलेले पापुद्र्यांचे खडक येथे विपुल आहेत. पत्त्यांचा जोड तिरपा धरावा तसे त्यांचे थर असतात. जेथे थरांचा उतार रस्त्याच्या दिशेने आहे तेथे पाणी आत शिरले की वरचा थर खालच्यावरून घसरतो. त्यात खाली नदी डोंगराचा पायथा सतत कोरीत असते. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे वादळी ढग येथे पाऊस आणतात. फटींत शिरलेले पाणी रात्री गोठते, फुगते आणि दगड सैल करते. दुपारच्या उन्हात ते वितळले की दगड सुटतात. पंथ्यालला तर पाऊस नसतानाही दगड येत. अखेर तेथे ८८० मीटरांचा एक बोगदा काढण्यात आला आणि २०२३ मध्ये वाहतूक त्यातून वळवण्यात आली.

निसर्गाच्या या भागात माणसानेही भर घातली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. सुट्या दगडमातीचा उतार एका विशिष्ट कोनात स्थिर राहतो. तो पायाशी कापला तर वरचा भाग नवा कोन शोधू लागतो, आणि तो सापडेपर्यंत खाली येत राहतो. दोनपदरी रस्ता चौपदरी करायचा म्हणजे डोंगराचा पायथा आणखी आत कापायचा. म्हणून गेल्या दशकात रुंदीकरण चालू असताना कित्येक ठिकाणी दरडी पूर्वीपेक्षा वाढल्याचा अनुभव आला. रस्ता रुंद झाला पाहिजे हे खरे. पण येथे रुंद करणे म्हणजे डोंगराशी नवा करार करणे आहे, आणि डोंगर तो करार सही होण्यापूर्वीच मोडू शकतो. तारेच्या जाळ्यांत दगड भरून भिंती घालणे, खडकात सळया ठोकणे, पाण्याला वाट काढून देणे हे उपाय केले जातात आणि काही ठिकाणी ते टिकतातही. परंतु अभियंत्यांनी आता मुख्य भरवसा दोन गोष्टींवर ठेवला आहे. उताराला मुळी हात न लावता त्याच्या आत, घट्ट खडकात बोगदा काढायचा, किंवा त्याच्यापासून दूर, दरीत खांब उभारून पूल न्यायचा. रामबनजवळचा एक किलोमीटरहून अधिक लांबीचा पूल हा दुसऱ्या प्रकारचा.

बोगद्यालाही तोंड असते आणि ते तोंड त्याच ढिसाळ उतारातून फोडावे लागते. १९ मे २०२२ च्या रात्री खूनी नाल्याजवळ बांधकाम चालू असलेल्या एका बोगद्याच्या तोंडाशी डोंगराचा भाग कोसळला आणि दहा मजूर गाडले गेले. त्यांत पश्चिम बंगाल, आसाम आणि नेपाळमधून पोटासाठी आलेली माणसे होती. २० एप्रिल २०२५ रोजी रामबनच्या परिसरात झालेल्या अतिवृष्टीने ओढे चिखलदगडांसह उतरले. तीन जणांचा बळी गेला, घरे आणि दुकाने गाडली गेली आणि महामार्ग अनेक ठिकाणी दिसेनासा झाला.

या पट्ट्यातून वर आले की बनिहाल गाव लागते, आणि समोर पीर पंजालची भिंत. जुना गाडीरस्ता ही भिंत माथ्यापर्यंत चढत असे. हिवाळ्यात तेथे बर्फ साचले की वाहतूक आठवडेच्या आठवडे थांबे. १९४७ नंतर हे परवडण्याजोगे राहिले नाही. १९५४ मध्ये जर्मन तज्ज्ञांच्या देखरेखीखाली २,२०० मीटरांच्या आसपास उंचीवर जुळा बोगदा खोदण्यास आरंभ झाला आणि २२ डिसेंबर १९५६ रोजी त्यातून वाहतूक सुरू झाली. त्याला जवाहरलाल नेहरूंचे नाव देण्यात आले. अडीच किलोमीटरांहून अधिक लांबीचा हा बोगदा त्या काळी देशातील मोठा पराक्रम होता. जम्मू-श्रीनगर अंतर त्यामुळे तीनशे किलोमीटरांच्या आसपास आले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे खोऱ्याला १९४७ नंतर पहिल्यांदाच बाराही महिने बाहेरच्या जगाशी जमिनीवरचा संबंध मिळाला. दिवसाला काही शे गाड्या जातील या अंदाजाने बांधलेल्या त्या दोन अरुंद नळ्यांतून पुढे हजारो गाड्या जाऊ लागल्या. ट्रकांचा धूर आत कोंडे आणि बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी बर्फ व हिमलोटांचा त्रास उरला होताच.

म्हणून आणखी चारशे मीटर खाली, १,७९० मीटरांवर, बनिहाल ते काझीगुंड असा साडेआठ किलोमीटरांचा नवा जुळा बोगदा खोदण्यात आला. २०११ मध्ये काम सुरू झाले आणि २०२१ मध्ये गाड्या धावू लागल्या. अंतर सोळा किलोमीटरांनी घटले. शंभर वर्षांत या रस्त्याने पीर पंजाल तीनदा ओलांडला. प्रत्येक वेळी अधिक खालून आणि डोंगराच्या अधिक आतून. दोनशे मैलांहून मोठा असलेला रस्ता आज अडीचशे किलोमीटरांच्या आसपास उरला आहे.

परंतु या सोयीत एक गोष्ट हरवली. जवाहर बोगद्यातून बाहेर पडल्यावर एका वळणावर काश्मीरचे सारे खोरे एकदम पायाखाली पसरलेले दिसे. भाताच्या खाचरांचे चौकोन, सफेद्याच्या रांगा, दूरवर धुक्यात बुडालेली हिमशिखरे. बसमधला पेंगणारा प्रवासीही तेथे जागा होई. नवा बोगदा माणसाला थेट खोऱ्याच्या तळाशी आणून सोडतो; उंचावरून पाहण्याचा तो क्षण वाटेतून वगळला गेला आहे. ज्याला वेळ आहे त्याने जुन्या रस्त्याने जावे.

खाली उतरताच जवळच वेरीनाग आहे. डोंगराच्या पायथ्याशी उसळणारा हा गर्द निळ्या पाण्याचा झरा झेलमचे, म्हणजे वितस्तेचे, उगमस्थान मानला जातो. जहांगीर बादशहाने १६२० मध्ये त्याभोवती अष्टकोनी दगडी कुंड बांधले. मोगल स्वतः मात्र बनिहालने येत नसत; भिंबर, राजौरी, शोपियान अशी त्यांची वाट पश्चिमेकडून होती. तीही आता मोटाररस्ता झाली आहे, पण ती सुमारे ३,५०० मीटर चढते आणि हिवाळ्यात बर्फाने मिटते.

काझीगुंडपासून श्रीनगरपर्यंत पुन्हा मैदान. हे मैदान समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरांच्या आसपास उंच आहे. प्राचीन काळी येथे विस्तीर्ण सरोवर होते आणि त्याचा गाळ आज ‘करेवा’ नावाच्या सपाट टेकाडांच्या रूपाने उरला आहे. संगमला रस्त्याकडेला विलोच्या लाकडाच्या क्रिकेटच्या बॅटी वाळत घातलेल्या दिसतात. पाम्पोरच्या करेव्यांवर ऑक्टोबरअखेर केशराची जांभळी फुले येतात. मधे अवंतीपूर लागते. त्याच्याजवळ, लेथपोरा येथे, १४ फेब्रुवारी २०१९ रोजी केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या वाहनताफ्यावर आत्मघाती हल्ला झाला आणि ४० जवान मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही आठवडे रविवारी आणि बुधवारी या महामार्गावर सामान्य वाहनांना बंदी होती.

अवंतीपूर वसवणारा राजा अवंतिवर्मा नवव्या शतकातला. त्याच्या मंदिरांचे भग्नावशेष रस्त्यालगत उभे आहेत. त्याच्या पदरी सुय्य नावाचा एक बुद्धिमान माणूस होता. त्याची हकीकत कल्हणाने राजतरंगिणीत सांगितली आहे. बारामुल्लाच्या बाजूला दोन्ही काठांवरच्या डोंगरांतून दरडी कोसळून वितस्तेचे पात्र चोंदले होते, पाणी मागे तुंबत होते आणि पिके बुडून दुष्काळ पडत होता. सुय्याने नाण्यांची भांडी तेथे नेऊन नदीत ओंजळी रिकाम्या केल्या. उपाशी लोकांनी पैशांसाठी बुड्या मारून तळाचे दगड उपसले आणि पाणी वाहते झाले. अकराशे वर्षांपूर्वीही या खोऱ्याचा प्रश्न दरडींचाच होता, एवढे यावरून दिसते.

सुय्याच्या काळी बुडत होता तो भात. आता पणाला लागते ते सफरचंद. भारतातील सफरचंदांचा फार मोठा भाग काश्मीर पिकवतो. एका हंगामात वीस लाख टनांच्या आसपास. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत सोपोर, शोपियान, पुलवामा या भागांतून पेट्या भरलेल्या ट्रकांची अखंड रांग काझीगुंडकडे निघते. दिल्लीच्या आझादपूर बाजारापासून मुंबईजवळच्या वाशीच्या बाजारापर्यंत जे काश्मिरी फळ येते ते बहुतांशी याच वाटेने. बागाइतदाराचे वर्षाचे उत्पन्न त्या तीन-चार महिन्यांत ठरते. फळ तोडले की त्याचे दिवस मोजलेले असतात. ट्रक दोन दिवसांऐवजी दहा दिवसांनी पोहोचला, तर पेटीतले वरचे फळ सुरकुतलेले आणि तळाचे सडलेले निघते, भाव कोसळतो, आणि खत-औषधांसाठी अडत्याकडून घेतलेली उचल मात्र तशीच राहते.

२०२५ च्या हंगामात असेच घडले. २६ ऑगस्टच्या सुमारास जम्मू भागात विलक्षण पाऊस झाला. त्या वेळी घात झाला तो रामबनला नव्हे, तर उधमपूरपुढे थरडजवळ, चौपदरी झालेल्या भागावर. तेथे डोंगराचा मोठा भाग रस्त्यावर उतरला. जवळजवळ तीन आठवडे जड वाहतूक सुरळीत झाली नाही. फळांनी लादलेले हजारो ट्रक वाटेत अडकून पडले, चालकांनी रस्त्याकडेला चुली मांडल्या आणि कित्येकांना सडलेला माल ओतून द्यावा लागला. खोऱ्यातील फळबाजार निषेध म्हणून बंद ठेवण्यात आले.

त्याच वर्षी ६ जूनला चिनाबवरील रेल्वेपुलाचे उद्घाटन होऊन कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत गाडी सुरू झाली होती. नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंचीवर असलेल्या त्या पुलामुळे खोरे प्रथमच देशाच्या लोहमार्गांना जोडले गेले. रस्ता बंद असतानाच सप्टेंबरच्या मध्यास बडगामहून दिल्लीला फळांच्या पेट्या नेणारी गाडी सोडण्यात आली. रस्त्याच्या मक्तेदारीला लागलेला हा पहिला धक्का. मात्र हजारो ट्रकांचा माल मोजक्या डब्यांत मावत नाही, आणि बागेतून स्थानकापर्यंत पेटी नेण्यास ट्रक लागतोच. शिवाय रामबन आणि बनिहाल भागातली डोंगरावरची खेडी आहेत. त्यांचा दवाखाना, शाळा आणि बाजार रस्त्यावरच आहे, आणि लोहमार्गाचा बराचसा भाग तेथे डोंगराच्या पोटातून जातो.

तूर्त या महामार्गावर दिवसाची सुरुवात वाहतूक पोलिसांच्या आदेशाने होते. हवामान आणि दरडी पाहून आदल्या संध्याकाळी ठरते, की उद्या जड गाड्या जम्मूकडून सोडायच्या की काश्मीरकडून. पूर्वी लोक ही बातमी रेडिओवर ऐकण्यासाठी थांबून राहत. आता ती हातातल्या फोनवर येते. नगरोटा आणि काझीगुंड या दोन टोकांना ठरलेल्या वेळेनंतर गाडी पुढे सोडत नाहीत. वसंतात आणि शरदात त्याच वाटेने गुज्जर-बकरवालांचे कळप कुरणांकडे जातात-येतात आणि मेंढ्यांच्या मागे ट्रकांची रांग मैलभर खोळंबते. रामबन ते बनिहाल या पट्ट्यात यंत्रे तैनात असतात. दरड आली की आधी एका गाडीपुरती वाट मोकळी करतात, तिच्यावरून अडकलेले प्रवासी काढतात आणि मग ट्रक एकामागून एक सोडतात, वर डोंगराकडे पाहणारा एक माणूस शिट्टी घेऊन उभा ठेवून.